८०० हेक्टर जंगलातला कार्बन: घरबसल्या किती मोजता येतो?

प्रश्न थोडक्यात असा. गडचिरोलीतल्या एका ग्रामसभेकडे सामूहिक वनहक्कात मिळालेलं सुमारे ८०० हेक्टर जंगल आहे. बाहेरून आलेल्या एका सल्लागाराने लॅपटॉपवर रंगीत नकाशा दाखवला. त्यात चौकोनाचौकोनात कार्बनचे टन होते आणि खाली एकूण आकडा. विचारणाऱ्या तरुणाला क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर येतं, युरोपच्या सेंटिनेल उपग्रहांच्या इमेज फुकट मिळतात हेही ठाऊक आहे. त्याला विचारायचंय ते हे: आपणच घरबसल्या हे काढू शकतो का, आणि सल्लागाराच्या आकड्यावर भरवसा ठेवावा का?

आधी गुंता सोडवून घेऊ, कारण इथे तीन प्रश्न एकमेकांत अडकलेत. आज जंगलात कार्बन किती, हा एक. तो वर्षागणिक वाढतोय की घटतोय, हा दुसरा. आणि त्यातल्या किती टनांचे कार्बन बाजारात पैसे मिळू शकतात, हा तिसरा. नकाशावरचा आकडा पहिल्या प्रश्नाचं उत्तर म्हणून काढलेला असतो, पण सभेत बोलणं मात्र तिसऱ्याचं चालतं. पैशाकडे नंतर येतो. पहिल्यापुरतं सांगायचं तर अर्धं काम घरबसल्या होईल, आणि उरलेल्या अर्ध्यासाठी टेप घेऊन जंगलात फिरावं लागेल. ते फिरणं टाळून काढलेला आकडा मी तरी ग्रामसभेच्या ठरावात लिहू देणार नाही.

उपग्रहाला कार्बन दिसत नाही. वाक्य पुस्तकी वाटेल, पण सगळा घोळ इथूनच सुरू होतो. सेंटिनेल-२ पानांवरून परतलेला सूर्यप्रकाश वेगवेगळ्या पट्ट्यांत मोजतो. निरोगी पान लाल प्रकाश शोषून घेतं आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश भरपूर परत पाठवतं. या दोन्हींच्या फरकावरून एनडीव्हीआय, म्हणजे हिरवेपणाचा आकडा, निघतो. झाडातला कार्बन मात्र बहुतेक खोडात, फांद्यांत आणि मुळांत असतो. डोंगरावरून गावातली छपरं बघून घरोघरच्या कणग्यांत धान्य किती ते सांगावं, तसलं हे काम आहे. छपरावरून काहीच कळत नाही असं नाही, पण दोन-चार कणग्या उघडून बघितल्याशिवाय अंदाजाला पाया येत नाही.

त्यात एनडीव्हीआयची एक खोड आहे. झाडांच्या शेंड्यांचं वरचं छत्र गच्च झालं की तो आकडा वर जायचा थांबतो. तुमच्याकडचं जुनं ऐन-बीजाचं घेरदार जंगल आणि शेजारचं दाट, कोवळं सागाचं रोपवन नोव्हेंबरच्या इमेजमध्ये जवळजवळ सारखं हिरवं दिसेल. लाकूड एकात दुसऱ्याच्या कितीतरी पट असेल. उलटही होतं. घाणेरीने भरलेला पडीक तुकडा आणि बांबूचं बेट हिरवेपणात भाव खाऊन जातात.

तुमच्या जंगलाला ऋतूचीही अडचण आहे. पावसाळ्यात ढग, त्यामुळे जून ते सप्टेंबर स्वच्छ इमेज मिळणं नशिबाचा भाग. मार्च-एप्रिलमध्ये ढग नसतात, पण साग, ऐन, धावडा, सालई यांची पानंही नसतात. त्यामुळे त्या दिवसांतली इमेज पाहणाऱ्याला जंगल उजाड झाल्यासारखं वाटेल. मी ऑक्टोबर-अखेर ते डिसेंबर हा काळ धरतो: आकाश मोकळं, पानं झाडावर. पण उन्हाळ्यातली इमेजही फेकून देऊ नका. दोन्ही शेजारी ठेवल्या की नाल्याकाठचा सदाहरित पट्टा, पानगळीचं जंगल आणि शेत हे तिन्ही वेगळे सुटे होतात. एका तारखेच्या इमेजवर कोणी कार्बनचा नकाशा केला असेल तर पहिला प्रश्न तारखेचाच विचारा.

मग रडार का वापरत नाही, असं तुम्ही विचाराल. वापरतात. रडार ढगांतून जातं, आणि लहरीची लांबी जितकी जास्त तितकं ते पानं ओलांडून फांद्या-खोडांपर्यंत पोचतं. सेंटिनेल-१ ची लहर सुमारे ५.६ सेंमीची, ती वरच्या डहाळ्यांतच अडकते. जपानच्या ॲलॉस उपग्रहांची लहर (हिला एल-बँड म्हणतात) साधारण २४ सेंमीची, ती जाड फांद्यांपर्यंत जाते. पण हेक्टरी १००-१५० टन बायोमासच्या (म्हणजे झाडांच्या कोरड्या वजनाच्या) आसपास तिचंही एनडीव्हीआयसारखंच होतं, म्हणजे पुढे जंगल कितीही भारी झालं तरी संकेत वाढत नाही. नासा आणि इस्रो यांचा निसार उपग्रह ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून गेला. त्यावर एल-बँडसोबत इस्रोचं त्याहून आखूड लहरीचं एस-बँड रडारही आहे. त्याचं बायोमासबाबतचं लक्ष्य हेक्टरी १०० टनांखालच्या जंगलांपुरतं ठेवलेलं आहे, आणि तिथेही हेक्टरी २० टनांची चूक गृहीत धरलेली आहे. विदर्भातलं बरंच पानगळीचं जंगल या टप्प्याच्या आसपास येतं, म्हणून माझी त्याच्याकडून आशा आहे. युरोपचा 'बायोमास' उपग्रह २९ एप्रिल २०२५ ला सुटला. त्याची लहर ७० सेंमीची, थेट खोडांशी बोलणारी. पण त्याच्या बायोमास नकाशाचा एक चौकोन २०० मीटरचा, म्हणजे ४ हेक्टरचा. तुमच्या जंगलात असे २०० चौकोन बसतील. तालुक्यासाठी ठीक, ग्रामसभेसाठी जाडंभरडं.

लायडारचं, म्हणजे लेसरने अंतर मोजण्याच्या तंत्राचं, नाव तुम्ही ऐकलं असेल. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरचं गेडी हे उपकरण लेसरच्या स्पंदाने झाडांची उंची मोजतं, आणि उंची हा बायोमासचा छत्राच्या हिरवेपणापेक्षा कितीतरी चांगला साक्षीदार आहे. पण ते सलग चित्र देत नाही. २५ मीटर व्यासाचे ठिपके, एका रांगेत ६०-६० मीटरवर, आणि दोन रांगांमध्ये ६०० मीटरचं अंतर. तुमच्या जंगलावर पडलेले ठिपके जरूर उतरवून घ्या, उंचीची पडताळणी करायला ते चांगले. फक्त पानगळीच्या महिन्यांतले ठिपके बाजूला काढा, कारण निष्पर्ण छत्रातून लेसर सरळ खाली जातो आणि परत येणारा संकेत वेगळाच असतो.

तयार जागतिक नकाशांबद्दल फार लिहीत नाही. गेडीच्या ठिपक्यांवरून केलेला बायोमास नकाशा १ किलोमीटरच्या चौकोनांत आहे. ८०० हेक्टर म्हणजे ८ चौरस किलोमीटर. आठ चौकोनांत तुमचं गाव संपलं! उष्ण कटिबंधातल्या जंगलांचे २०११ आणि २०१२ साली आलेले दोन गाजलेले कार्बन नकाशे स्थानिक पातळीवर एकमेकांशी बरेच विसंगत निघाले होते, आणि दोन्हीकडे त्या विषयातली जाणती माणसं होती. मोठ्या प्रदेशाची बेरीज करताना इकडची चूक तिकडच्या चुकीने कापली जाते. एका गावाच्या जंगलात ती कापायला जागाच नसते.

भारतीय वन सर्वेक्षणाच्या अहवालांतले आकडेही याच जातीचे समजा. २०२३ च्या अहवालात देशाच्या वनांतला एकूण कार्बन ७,२८५.५ दशलक्ष टन दिलाय, आणि त्यातला निम्म्याहून अधिक मातीत आहे. देशासाठी तो आकडा कामाचा. पण त्याला हेक्टरांनी भागून आपल्या ८०० ने गुणणं, हे मी पुष्कळ प्रस्तावांत पाहिलंय आणि ते चूक आहे. शिवाय तिथली वनाच्छादनाची व्याख्याही लक्षात ठेवा: १ हेक्टर किंवा जास्त जागा, छत्राची घनता १० टक्के किंवा जास्त, मालकी आणि झाडाची जात कोणतीही. त्यामुळे कोकणातली आंबा-काजूची बागही त्यात वन म्हणून मोजली जाते. (कोकणातून किंवा घाटमाथ्यावरून कोणी वाचत असेल तर आणखी एक: तिथे छत्र इतकं गच्च आणि उतार इतके तीव्र की एनडीव्हीआय आणि रडार दोघंही तुमच्याकडच्यापेक्षा लवकर हात टेकतात.)

आता टेपकडे. खरं काम इथेच आहे.

सगळं जंगल मोजायचं नाही, नमुन्याचे तुकडे मोजायचे. त्यासाठी ०.१ हेक्टरचा चौकोनी प्लॉट घ्या, म्हणजे बाजू ३१.६ मीटर. उतार असेल तर अंतर आडवं मोजायचं, जमिनीला धरून नाही. प्लॉटमधल्या प्रत्येक झाडाची जात आणि छातीच्या उंचीवरचा घेर लिहायचा. आपल्याकडे वन खात्यात ही उंची १.३७ मीटर धरतात, बाहेरच्या बऱ्याच संशोधनात १.३ मीटर. फरक किरकोळ, पण सगळ्यांनी एकच धरा. १.३७ मीटरला खूण केलेली काठी सोबत ठेवली की वाद मिटतो. उंची सगळ्या झाडांची नको, प्रत्येक प्लॉटमध्ये काही लहान, काही मधली, काही मोठी झाडं निवडून मोजा.

घेरावरून वजन काढायला समीकरण लागतं. स्थानिक, जातवार समीकरण मिळालं तर तेच घ्या. नसेल तर उष्ण कटिबंधासाठी २०१४ साली आलेलं एक समीकरण सर्रास वापरतात: लाकडाची घनता, व्यासाचा वर्ग आणि उंची यांचा गुणाकार करा, त्याचा ०.९७६ वा घात घ्या, आणि ०.०६७३ ने गुणा. घनता ग्रॅम प्रति घन सेंमी, व्यास सेंमी, उंची मीटर. उत्तर किलोत. साग धरू: घनता ०.५५, व्यास ३० सेंमी, उंची १५ मीटर. जमिनीवरच्या भागाचं कोरडं वजन साधारण ४०३ किलो येतं. त्याचा ०.४७ हिस्सा कार्बन, म्हणजे १९० किलोच्या आसपास.

या समीकरणात व्यास हवा असतो आणि टेप घेर देते. ३० सेंमी व्यासाच्या झाडाचा घेर ९४ सेंमी. ३.१४ ने भागायचं विसरून घेरच टाकला तर त्याच झाडाचं वजन नऊपटीहून जास्त निघतं. एक्सेलच्या एका रकान्यात ही चूक लपली की अख्ख्या गावाचा आकडा बिघडतो. उंचीची चूक तेवढी भयंकर नाही, तरी १५ मीटरचं झाड २० मीटरचं लिहिलं तर वजन सुमारे ३२ टक्क्यांनी फुगतं. दाट जंगलात शेंडा दिसत नसताना लोक उंची अंदाजाने लिहितात आणि तो अंदाज कोणत्या बाजूला झुकेल सांगता येत नाही. म्हणून कमी झाडांची मोजा, पण उपकरणाने मोजा.

बांबूला हे समीकरण लावू नका. त्याची खोडं पोकळ. बेटातल्या काठ्या मोजून, वयानुसार काही तोडून, वजन करून, वाळवून वेगळा हिशेब करावा लागतो. तुमच्याकडे बांबूची विक्री ग्रामसभाच करत असेल तर तोडीच्या वेळी हे सहज जमेल.

मुळांसाठी उकरायची गरज नाही. हवामान बदलावरच्या आंतरसरकारी मंडळाच्या २००६ च्या मार्गदर्शिकेत उष्ण कटिबंधातल्या कोरड्या जंगलासाठी गुणोत्तर दिलंय: जमिनीवरचं बायोमास हेक्टरी २० टनांहून जास्त असेल तर त्याच्या ०.२८ पट मुळं, कमी असेल तर ०.५६ पट. समजा एका प्लॉटमधल्या झाडांचं वजन ९ टन भरलं. हेक्टरी ९० टन. मुळं धरून ११५. कार्बन ५४ टन. आणि ४४ भागिले १२ ने गुणलं की कार्बन डायऑक्साइड सुमारे १९८ टन. जंगल तेच, पण ५४, ११५ आणि १९८ हे तिन्ही आकडे 'हेक्टरी इतके टन' म्हणून फिरतात. सल्लागाराच्या नकाशावर टन कशाचे ते नीट वाचा. ज्याला मोठेपणा दाखवायचाय तो शेवटचा आकडा निवडतो.

प्लॉट किती घ्यायचे? हे जंगल किती एकसारखं आहे आणि तुम्हाला किती नेमकेपणा हवा यावर अवलंबून. ढोबळ हिशेब सांगतो. प्लॉटाप्लॉटांतला फरक सरासरीच्या ५० टक्के असेल आणि ९५ टक्के खात्रीने १० टक्क्यांच्या आत चूक हवी असेल तर २ गुणिले ५० भागिले १०, त्याचा वर्ग: १०० प्लॉट. २० टक्के चूक चालत असेल तर २५. चूक निम्मी करायची तर काम चौपट, हा नियम कोणालाही चुकलेला नाही.

आणि इथे इमेज खरी कमाई करून देते. जंगल आधी इमेजवरून वाटून घ्या: दाट, मध्यम, विरळ, बांबूचं, रोपवन. प्रत्येक गटाच्या आत झाडं बरीचशी सारखी असतात. तो आतला फरक ३० टक्क्यांवर आला तर १०० च्या जागी साधारण ३६ प्लॉटांत तेवढाच नेमकेपणा मिळतो. चार-पाच जणांची टोळी आणि झाडं ओळखणारा एखादा म्हातारा सोबत असेल तर हे एका हिवाळ्यात उरकतं. गट पाडताना फक्त संगणकावर विसंबू नका. गुरं राखणारी आणि तेंदू तोडणारी माणसं समोर बसवा आणि इमेज दाखवा. अमुक जागी मोहाची जुनी झाडं आहेत, तमुक ठिकाणी दिसतं ते हिरवं सगळं घाणेरीचं आहे, हे ती तासाभरात सांगतात.

प्लॉटच्या जागा मात्र चिठ्ठ्या टाकल्यासारख्या, संगणकाकडून निवडून घ्या. माणसाचा पाय आपोआप वाटेकडे वळतो, आणि वाटेजवळचं जंगल नेहमीच जास्त तोडलेलं असतं. छत्राखाली मोबाईलचं जीपीएस पाच-दहा मीटर इकडेतिकडे होतं आणि सेंटिनेलचा पिक्सेल १० मीटरचा आहे, त्यामुळे एका प्लॉटला एक पिक्सेल जोडू नका. आजूबाजूच्या पिक्सेलची सरासरी घ्या.

आता सल्लागाराचा नकाशा. तो बहुधा असा बनलेला असतो: कुठल्यातरी प्लॉटांचे आकडे आणि उपग्रहाचे आकडे एका मॉडेलला शिकवले, आणि मॉडेलने बाकीचे चौकोन भरले. पद्धत वाईट नाही, मीही वापरतो. पण प्लॉट तुमच्या जंगलातले होते की दुसऱ्या जिल्ह्यातले, हे विचारा. मॉडेलची परीक्षा कोणत्या प्लॉटांवर घेतली तेही विचारा. शिकवलेल्या प्लॉटला अगदी लागून असलेल्या प्लॉटवर परीक्षा घेतली तर मार्क छान पडतात, कारण शेजारचं जंगल सारखंच असतं. ०.९ चा आर-वर्ग (मॉडेल आकड्यांशी किती जुळतं ते सांगणारा, जास्तीत जास्त १ असणारा आकडा) दाखवला की माझा तरी संशय वाढतो. या मॉडेलांची आणखी एक सवय असते: ती विरळ जंगलाला जरा जास्त देतात आणि भारी जंगलाला कमी. तुमच्या गावाने देवराईसारखा एखादा जुना तुकडा राखला असेल तर त्याचं श्रेय नकाशा कापून घेईल. आणि एकूण आकड्यापुढे 'अधिक-उणे इतके' असं काही लिहिलेलं नसेल, तर चर्चा तिथेच थांबवायला हरकत नाही.

मातीचा कार्बन त्यात धरलाय का, हेही बघा. इमेजमधून माती दिसत नाही. धरला असेल तर तो कुठल्यातरी तक्त्यातून आलेला असणार.

आता दुसरा प्रश्न, वाढ-घट. इथे साठ्याची चूक आडवी येते. साठा हेक्टरी ५४ टन, चूक १० टक्के, म्हणजे ५.४ टन. वर्षाची वाढ समजा १ टन धरली तर एका वर्षाचा फरक त्या चुकीत बुडून जातो. दरवर्षी नवा नकाशा काढून 'इतकी वाढ' सांगणारा माणूस बहुतेक वेळा इमेजमधला फरक सांगत असतो: यंदा पाऊस उशिरापर्यंत राहिला, पानं जास्त टिकली, झालं. उपाय जुनाच. प्लॉट कायमचे ठेवा. कोपऱ्यांवर दगड रोवा, झाडांना क्रमांक द्या, ज्या उंचीवर घेर मोजला तिथे रंगाचा पट्टा ओढा, आणि पाच वर्षांनी त्याच झाडांना त्याच पट्ट्यावर टेप लावा. तीच झाडं, तेच समीकरण, त्यामुळे बऱ्याच चुका दोन्ही वेळी सारख्याच येतात आणि वजाबाकीत निघून जातात.

घट पकडायला मात्र इमेजसारखं दुसरं काही नाही. तोड, अतिक्रमण, वणवा. मार्च ते मे दरम्यान मोह वेचायला किंवा तेंदूसाठी लावलेली आग किती पसरली, ते सेंटिनेल-२ च्या लघुतरंग अवरक्त पट्ट्यात स्पष्ट दिसतं. दर पाच दिवसांनी इमेज मिळते, उन्हाळ्यात ढग नसतात. जुलैमध्ये सगळं पुन्हा हिरवं होतं आणि एनडीव्हीआयला आगीची आठवणही राहत नाही, तोपर्यंत कोवळी रोपं गेलेली असतात. म्हणून जळालेल्या भागाचा नकाशा त्याच हंगामात करून ठेवा. हे काम तुम्ही एकटे, घरबसल्या, आजपासून करू शकता.

राहिला पैशाचा प्रश्न. साठा विकला जात नाही. बाजारात मोजतात ते तुमच्या कामामुळे वाढलेलं किंवा वाचलेलं, म्हणजे तुम्ही काही केलं नसतं तर काय झालं असतं याच्याशी केलेली तुलना. ते 'नसतं तर' उपग्रहातही दिसत नाही आणि टेपलाही सापडत नाही. ते गृहीतक असतं, आणि गावाच्या वाट्याचा आकडा बहुतेक तिथेच ठरतो. त्यावर वकील आणि हिशेबनीस दोघांनाही बसवा. वनहक्क कायद्याखालचा निर्णय ग्रामसभेचा आहे, एकट्या अध्यक्षाच्या सहीचा नाही, हे त्यांनाही आधीच सांगा. कराराची मुदत किती वर्षांची आहे आणि त्या काळात तेंदू, बांबू, जळाऊ लाकूड यांवर काय बंधन येतं, हे दराच्या आधी वाचा.

प्लॉटची मूळ कागदं, घेरांचे तक्ते आणि जीपीएसचे बिंदू ग्रामसभेच्या दप्तरात ठेवा, बाहेर फक्त प्रत द्या. सल्लागार खरोखर चांगला असेल तर त्याला याचं काही वाटणार नाही, उलट तुमचे प्लॉट वापरून नकाशा सुधारून द्यायची तयारी तोच दाखवेल. दसऱ्यानंतर इमेज उतरवून गट पाडायला घ्या, म्हणजे धानकापणी आटोपून माणसं मोकळी होईपर्यंत जागांची यादी हातात असेल. गटांच्या सीमा आणि प्रत्येक गटाचं क्षेत्रफळ इथे टाकलंत तर कुठे किती प्लॉट घ्यावेत ते बघून सांगतो.